शिबिर उठल्यानंतर

मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यात दौंड तालुक्याचा जो तुकडा आहे, त्याला आसपासची माणसं राहू बेट म्हणतात. नकाशावर हे बेट कुणाला दिसायचं नाही. वाळकीजवळ दोन्ही नद्या मिळतात, भीमेपलीकडे रांजणगाव सांडस, म्हणजे शिरूर तालुका. मधल्या काळ्या रानात ऊस आणि उसाच्या जिवावर चालणारी गुऱ्हाळं. दिवाळी सरली की इथे दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक ऊसतोडीचा, दुसरा आरोग्य शिबिरांचा. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, शहरातून डॉक्टरांचं पथक येतं. बीपी, शुगर, डोळे, दात, हाडं. दुपारी जेवण, चारला आभारप्रदर्शन, संध्याकाळी मंडप उठतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात, हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालत आला. राजधानीसमोरच्या आखातात ला गोनाव्ह नावाचं बेट आहे. तिथे आणि हैतीच्या इतर गावांत वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या चर्चांची आणि महाविद्यालयांची वैद्यकीय पथकं आठवडाभरासाठी जात आली. एकसारखे टी-शर्ट, सोबत गोळ्यांनी भरलेल्या बॅगा, दारात उन्हात उभी रांग. स्वतःच्या खिशातून विमानाचं तिकीट काढून, रजा टाकून जाणाऱ्या या लोकांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. तसंच राहूच्या मंडपात दिवसभर घाम गाळणाऱ्या तरुण डॉक्टरच्या हेतूवरही नाही. पण सव्वाशे वर्षांचा हिशेब काढून पाहिला, तर पथकात किती माणसं होती आणि त्यांनी किती रोगी तपासले, या आकड्यांना फारसं वजन उरत नाही. पथक गेल्यावर त्या कामातलं किती गावातल्या माणसाच्या हाताला येतं, हा आकडा कुणी काढत नाही. आणि खरा तोच काढायला हवा.

हा हिशेब राहू बेटापासून सुरू करायला सोयीचा आहे, कारण बेटाच्या दोन्ही बाजूंच्या नद्या वर जाऊन ज्या गावांना भिडतात, त्याच गावांत त्याची पानं आहेत.

मुळा-मुठेच्या काठाने वर गेलं की मुंढवा लागतं, त्याच्या खाली हडपसर. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले यांचा दत्तक मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. आईच्या सांगण्यावरून रजा घेऊन तो आला आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, वस्तीपासून लांब, मोकळ्या माळावर त्याने दवाखाना मांडला. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुणे जिल्ह्यातल्या स्वयंसेवी वैद्यकीय पथकाची पहिली नोंद करायची तर ती या दोन माणसांच्या पथकाची करावी लागेल.

त्याच मार्चमध्ये ब्रिटिश अधिकारी रँड याच्या प्लेग कमिटीचे सोजीर पुण्यातल्या घराघरांत शिरू लागले. त्यांच्यामागे सरकार होतं, कायदा होता, इस्पितळं होती, पैसा होता. शास्त्राच्या दृष्टीने रोगी वेगळा काढणं चुकीचं नव्हतं. ससाणे मळ्यातही तेच चाललं होतं. फरक होता तो रोग्याला आणायला दारात कोण येतं याचा. पुढे जूनमध्ये गणेशखिंडीत रँडचा खून झाला हे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. पण पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल 'बॉम्बे गार्डियन'मध्ये लिहिलं आणि त्याची दखल थेट विलायतेच्या पार्लमेंटात घेतली गेली, हे फारसं कुणाला आठवत नाही. रमाबाईंचं केडगाव राहूपासून लांब नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी तिथल्या माळावर वसवलं, विहिरी खोदल्या, छापखाना घातला. धर्मांतराच्या मुद्द्यावर महाराष्ट्र त्यांच्याशी आजही भांडतो, भांडावं. पण केडगावची ती वसाहत सव्वाशे वर्षांनंतरही जागेवर आहे आणि प्लेग कमिटीचा मागमूस नाही, एवढं तरी भांडणाऱ्यांनी पाहावं.

बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय मिशनचा दुसरा नमुना मिरजेचा. विल्यम वॉनलेस हे प्रेस्बिटेरियन डॉक्टर १८९४ मध्ये तिथे इस्पितळ काढून बसले ते जवळजवळ आयुष्यभरासाठी. येताना ते मिशनरी होते, जाताना मिरज हे वैद्यकीचं गाव झालं होतं, आणि ते अजून आहे. त्यांच्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या घरांत वॉनलेसच्या गोष्टी अजून निघतात.

मग दिशा उलटी झाली. आजवर आपल्याकडे पथकं येत होती, १९३८ मध्ये आपल्याकडून एक निघालं. जपानने चीनवर हल्ला केला होता, चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' जहाजाने पाच डॉक्टर निघाले. नेते डॉ. मदनमोहन अटल, नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकलेले, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. देश स्वतः पारतंत्र्यात, आणि तो दुसऱ्या देशाच्या जखमी सैनिकांसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करून औषधं आणि रुग्णवाहिका पाठवत होता. आजच्या परराष्ट्र धोरणाच्या चर्चांमध्ये ही गोष्ट कुणी काढत नाही. काढली तर अनेकांची पंचाईत होईल.

चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, चुंगकिंगला, असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, यानानला, पोचले, तिथून आघाडीवरच्या डोंगराळ भागात गेले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमेच्या संसर्गाने वारले होते; त्यांच्या नावाच्या शांतता इस्पितळाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. इस्पितळ कसलं, शेतकऱ्यांची घरंच ती. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने ते गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. मुलगा काही महिन्यांचा.

आपण त्यांना कसं लक्षात ठेवलं? व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटातून. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई त्यांची चिनी बायको. चित्रपट चांगलाच आहे, पण त्याने मराठी मनात एक चित्र कायमचं ठोकून बसवलं: परदेशात जाऊन, शस्त्रक्रिया करता करता, प्राण वेचणारा डॉक्टर. चिनी लोक त्यांना आणखी एका गोष्टीसाठी ओळखतात. कोटणीस चिनी शिकले, चिनीत वर्ग घेऊ लागले, बेथ्यूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत खेड्यातल्या पोरांना शिकवू लागले, आणि अखेरच्या काळात त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे तशी त्यांच्या चिनी नावाची, के दीहुआ नावाची, वैद्यकीय शाळाही आहे. इतर चौघे डॉक्टर परतले, ते काही कमी नव्हते. बसू तर १९४३ पर्यंत राहिले. पण पाचांतला एक इतिहासात उतरला तो मरण पावला म्हणून जितका, तितकाच आपलं काम दुसऱ्याच्या भाषेत दुसऱ्याला देऊन गेला म्हणूनही.

हैतीकडे पुन्हा वळतो, कारण हा हिशेब तिथे फार महाग पडला. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात त्या देशाची राजधानी कोसळली. जगभरातून पथकं धावली, त्यांनी हजारो जीव वाचवले. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची पेटी घेऊन येणारा माणूस देवच असतो. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैतीत कॉलरा सुरू झाला. त्याआधी शंभर वर्षांत तिथे कॉलऱ्याची नोंद नव्हती. मिरबाले गावाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण नदीत मिसळली आणि रोग आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात उतरला, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना हैतीच्या लोकांची माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. मदतीला आलेल्यांनीच रोग आणला, असा हा प्रकार. हेतूत खोट कुठेच नव्हती.

त्याच हैतीत कांज नावाच्या गावात अमेरिकन डॉक्टर पॉल फार्मर आणि त्यांचे हैतीयन सहकारी १९८० च्या दशकापासून 'झानमी लासांते' ही संस्था चालवत होते. क्षयाच्या रोग्याला रोज घरी जाऊन गोळी देणारा, त्याच्या घरात आज चूल पेटली का हे पाहणारा गावचाच माणूस त्यांनी नेमला, आणि त्याला पगार दिला. पगार हा शब्द पुढे लागणार आहे. क्यूबाने आणखी सरळ काम केलं: १९९८ च्या चक्रीवादळानंतर डॉक्टर हैतीत पाठवले, आणि त्याच वेळी हैतीची पोरं डॉक्टर व्हायला आपल्या देशात नेली.

आता भीमेच्या काठाने वर. तुळापूरच्या संगमाजवळ, शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुक. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉक्टर मंडळी मात्र वढू म्हटलं की वेगळंच नाव घेतात, बानू कोयाजी. १९४४ मध्ये त्या पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम इस्पितळात आल्या तेव्हा ते लहानसं प्रसूतिगृह होतं; त्यांच्या हयातीत ते शहरातल्या मोठ्या इस्पितळांपैकी एक झालं. अशा डॉक्टरीणबाईंनी पन्नाशी उलटल्यावर स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण प्रसूतीच्या वॉर्डात खेड्यातून येणाऱ्या बायका त्या रोज पाहत होत्या. बहुतेक जणी फार उशिरा येत. १९७२ मध्ये, बाहत्तरचा दुष्काळ शिरूर-दौंडच्या रानांना जाळत होता त्याच वर्षी, केईएमचा वढू ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला.

त्या सुरुवातीला दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, सरकारी यंत्रणेला बगल देऊन आपलं वेगळं दुकान मांडायचं नाही, तिच्याच बरोबर काम करायचं. असं काम रटाळ असतं, त्यात फाइली असतात, बदल्या होणारे अधिकारी असतात. स्वयंसेवी संस्थांना ते आवडत नाही. दोन, गावातल्याच बायांना शिकवायचं. गर्भार बाईचा फिकटपणा ओळखणं, बाळाचं वजन करणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देणं, कुणाला गाडीत घालून इस्पितळात न्यायचं आणि कुणाला घरीच ठेवायचं हे ठरवणं. डॉक्टरने वढूला जायचं ते या बायांच्या मागे उभं राहायला. पुढे तरुण मुलींसाठी वर्ग सुरू झाले, लग्नाचं वय, रक्त, पाळी, पैसा या विषयांवर. कारण विसाव्या वर्षी बाळंतीण होऊन येणारी बाई आधी बारा वर्षांची मुलगी असते, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. १९९३ मध्ये कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भीमेच्या पलीकडे दूर, तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं १९७० मध्येच येऊन बसलं होतं. गावांना डॉक्टरांकडून काय हवं असं विचारल्यावर लोकांनी आधी पाणी आणि पोरांना अन्न सांगितलं. मग तेच आधी झालं. निरक्षर बायांना, अनेकदा दलित बायांना, गावाची आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचं काम तिथे झालं. हजारी १७६ बालमृत्यूंपासून सुरुवात झाली होती, दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातल्या निवडक प्रयोगांवर ग्रंथ काढला त्यात जामखेड होतं. मग १९७८ ची आल्मा आटाची परिषद, 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा, आपल्याकडे त्याआधी २ ऑक्टोबर १९७७ पासून सुरू झालेली गावागावांतल्या आरोग्य रक्षकांची योजना, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलेल्या आरोग्यदूत बाया, आणि २००५ पासून देशभर गावोगावच्या 'आशा' सेविका. ही साखळी एका ठिकाणी सुरू झाली असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही. चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चा, म्हणजे थोडं शिकवून तयार केलेल्या खेडूत आरोग्यसेवकांचाही, त्यात मोठा वाटा आहे. पण त्यातल्या दोन कड्या भीमेच्या खोऱ्यात आहेत.

वढूला पुढे एक गोष्ट घडली तिचा उल्लेख करायलाच हवा. २००२ पासून तिथल्या बावीस गावांत घराघरांतल्या जन्म-मृत्यू-स्थलांतराची सातत्याने नोंद होऊ लागली. त्या पायावर लसींच्या चाचण्या झाल्या. पोरांच्या जुलाबांवरची भारतीय बनावटीची रोटाव्हायरस लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या बाजूला वढू अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर तपासली गेली. २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली. आज या लसीचे थेंब जिथे जिथे बाळाच्या जिभेवर पडतात, त्यांच्या पुराव्यातला एक वाटा भीमेच्याच काठच्या बाळांनी दिलेला आहे. अशा ठिकाणी गावाने शास्त्राला काय दिलं याचा गवगवा होतो. शास्त्राने त्या गावाला पुढे काय परत करायचं, हे मात्र अजून नीट ठरलेलं नाही.

म्हणजे मंडपाची पथकं नकोत? असं नाही. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तिथे पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात तशाच पायाचे फोड बांधणाऱ्या, गुडघे चोळणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या रांगाही बसतात. चालत्या लोकांना चालता दवाखानाच हवा. उद्या वारकरी वरवंडला असणार, फोडाला पाठपुरावा लागत नाही. मोतीबिंदूचंही तसंच, शस्त्रक्रिया एकदाच होते, फक्त ती मंडपात नाही तर शस्त्रक्रियागृहात झाली पाहिजे. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका शिबिरात अनेकांची नजर गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून हे शिकायला निमित्त उरलेलं नाही. १९९१ मध्ये मुंबईतून निघालेली लाइफलाइन एक्सप्रेस, रेल्वेच्या डब्यांतलं इस्पितळ, हेही याच जातीचं शहाणं काम. पण बीपी आणि शुगर हे जन्मभराचे सोबती. त्यांना एका दिवसाचं पथक चार दिवसांच्या गोळ्या देतं आणि कागदाचा चिटोरा देतं. चिटोरा घरी कोनाड्यात जातो. पुढच्या वर्षी नवं पथक नवा कागद करतं, कारण मागचं पथक दुसऱ्या पुढाऱ्याचं होतं.

आणि हा सगळा काळ गावात एक बाई असते जिला प्रत्येक घर माहीत आहे. महाराष्ट्रात अशा सत्तर हजारांहून जास्त आशा आहेत. सरकारी कागदावर त्या नोकर नाहीत, स्वयंसेविका आहेत; त्यांना वेतन नाही, मानधन आणि कामावर ठरलेला मोबदला आहे. करोनात त्यांनी घराघरांत जाऊन ऑक्सिमीटर लावले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास याच आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या, आणि मासिक ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघायला मार्च २०२४ उजाडला, तोही मुंबईत आझाद मैदानावर बसून राहिल्यावर. एका दिवसासाठी येणाऱ्या डॉक्टरला आपण शाल-श्रीफळ देतो आणि त्याने सेवा केली म्हणतो. वर्षभर राबणारीकडून तीच सेवा जवळजवळ फुकटात वसूल करतो. कांजमध्ये फार्मर यांनी पगार देण्याचा जो हट्ट धरला, त्याचं कारण हेच होतं: गरिबाने गरिबाची सेवा फुकट करावी ही अपेक्षा फक्त श्रीमंतांनाच सुचते.

राहू बेटात येत्या हंगामात शिबिर भरवणाऱ्यांना या इतिहासातून एवढंच मागता येईल. मंडप ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं, तिथल्या आरोग्यसेविकेला आणि आशांना विचारावं की गावात नेमका कुणाचा धागा सुटतो आहे. उत्तर बहुधा ऊसतोडीला आलेल्यांच्या कोप्यांमध्ये सापडेल. बीड-पाथर्डीकडून आलेले तोडकरी गावाच्या यादीत नसतात. त्यांच्या गर्भार बाया पहाटे फडावर जातात, बाळं उसाच्या पाचटावर निजवलेली असतात, मंडप उघडतो तेव्हा ही माणसं बैलगाडीवर मोळ्या चढवत असतात. त्यांना भेटायचं तर रात्री आठनंतर जावं लागेल, त्यांच्या वेळेला, मुकादमाला आधी सांगून. आणि मार्च-एप्रिलमध्ये ते परत निघतील तेव्हा बाळाच्या लसीचं कार्ड, बाईच्या रक्ताचा आकडा, त्यांच्या गावच्या आशापर्यंत पोचला पाहिजे. बेटावरची आशा तो फोन करायला तयार असते. त्या फोनचं रिचार्ज आजवर तीच करत आली आहे. शिबिराच्या खर्चात फ्लेक्सच्या रकमेखाली ती एक ओळ वाढवावी.